आषाढातला आलेख : तापवलेल्या मिठाच्या वाहकतेचं एक प्रकरण

मिठाचा स्फटिक तापवत नेला की त्याची विद्युतवाहकता वाढत जाते. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि खोलीच्या तापमानापासून तिथपर्यंत त्याची स्फटिकरचना बदलत नाही. त्यामुळे वाहकतेनं वाटेत कुठे खाली यावं असं काही कारणच नाही. तरीही एम. एस्सी.च्या एका विद्यार्थिनीनं जुलै महिन्यात माझ्या टेबलावर ठेवलेल्या आलेखात चक्क एक दरी होती. भट्टी थंड असताना प्रवाह भरपूर. तापमान वाढवत नेलं तसा तो कमी कमी होत गेला, १३० अंशांच्या सुमाराला तळाला पोचला आणि तिथून पुढे पुस्तकात लिहिल्यासारखा वर चढला.

"मॅडम, इथे फेज ट्रान्झिशन असेल का?" तिनं विचारलं. म्हणजे त्या तापमानाला स्फटिकाची रचनाच पालटत असेल का.

प्रश्न अभ्यास करून आलेल्या मुलीचा होता. सिल्व्हर आयोडाइडमध्ये १४७ अंशांना रचना पालटते आणि वाहकता एकदम हजारो पटींनी वाढते, हे टुबांट आणि लोरेन्झ यांनी १९१४ सालीच दाखवलं होतं. पण तिथे उडी वरच्या दिशेला आहे, आणि तो पदार्थ वेगळा. साध्या मिठात १३० अंशांना काहीही घडत नाही. मग दरी आली कुठून, हेच हे प्रकरण. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या महाविद्यालयात ते घडलं. ते सविस्तर लिहून ठेवायचं कारण असं की किनाऱ्यावरच्या कुठल्याही लॅबमध्ये असा आलेख निघू शकतो, आणि तो दिसायला इतका गुळगुळीत असतो की खरा वाटतो.

मोजायचं काय होतं ते आधी सांगते. मिठात धातूसारखे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. वीज वाहून नेतात ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, आणि आयनाला जागचं हलायला शेजारी रिकामी जागा लागते. स्फटिक कितीही चांगला वाढवलेला असला तरी त्यात अशा जागा असतातच. आयन आपली जागा सोडून दोन ओळींच्या फटीत जाऊन बसू शकतो ही कल्पना फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडली. वॅगनर आणि शॉट्की यांनी १९३० च्या सुमाराला स्फटिकातल्या अशा दोषांचा सगळा हिशेब बसवला, आणि मिठात घडतं ते शॉट्की यांच्या नावानं ओळखलं जातं : एक धन आणि एक ऋण अशा दोन्ही जागा जोडीनं रिकाम्या राहतात. अशी एक जोडी तयार व्हायला सोडियम क्लोराइडमध्ये साधारण २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. सोडियमच्या आयनाला शेजारच्या रिकाम्या जागेत उडी मारायला लागते सुमारे ०.७. वितळबिंदूजवळ दहा हजार सोडियममागे एक-दोन जागा रिकाम्या असतात, म्हणजे फारच थोड्या. तरी एवढ्यावर काम चालतं.

यातून आलेखाचे दोन भाग पडतात. वरच्या तापमानाला रिकाम्या जागा उष्णतेनंच तयार होतात, म्हणून तिथला उतार उडीची ऊर्जा अधिक जोडीच्या ऊर्जेचा निम्मा भाग, एकूण १.९ च्या आसपास येतो. खालच्या तापमानाला जागांची संख्या ठरते ती अशुद्धीवरून. सोडियमच्या जागी कॅल्शिअमचा आयन शिरला की त्याच्यावर दुप्पट भार असतो. हिशेब जुळवायला स्फटिकाला सोडियमची एक जागा मोकळी ठेवावी लागते. या जागा तापमान कमी झालं म्हणून नाहीशा होत नाहीत. त्यामुळे खालच्या भागाचा उतार जवळपास उडीच्या ऊर्जेइतकाच, पाऊणच्या आसपास राहतो. वाहकतेला केल्व्हिनमधल्या तापमानानं गुणून त्याचा लॉगॅरिदम घ्यायचा, तो तापमानाच्या व्यस्ताशी मांडायचा, की दोन सरळ रेषा आणि मध्ये एक वळण दिसायला हवं. त्या वळणावरून स्फटिकात अशुद्धी किती याचा अंदाज बांधता येतो. तिचा प्रकल्प एवढाच होता, आणि मला तो फार आवडता आहे, कारण एका साध्या प्रवाहाच्या मोजणीतून डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या गोष्टी मोजून होतात.

स्फटिक आम्हाला रसायनशास्त्र विभागानं दिले. इन्फ्रारेड मोजणीसाठी मिठाच्या पारदर्शक चकत्या वापरतात. दमट हवेनं त्या धुरकट झाल्या की तिथल्या कामाच्या राहत नाहीत, पण आतला भाग उत्तम असतो. ब्लेडची धार चकतीच्या कडेला समांतर टेकवायची आणि वरून हलकेच एक टिचकी द्यायची. बेतानं दिली तर टक् असा बारीक आवाज होतो आणि आरशासारखी नवी सपाट बाजू उघडी पडते, बरोबर काटकोनात. जोर जास्त झाला तर भुगा. तिचा हात या कामात लवकर बसला. पाच मिलिमीटर लांबीरुंदीचे आणि एक मिलिमीटर जाडीचे तुकडे तिनं काढले, दोन्ही तोंडांना ग्राफाइटचा लेप दिला आणि स्प्रिंगच्या दाबानं धरणाऱ्या धारकात बसवले.

त्याआधी हौसेपोटी शिरोड्याच्या मिठागरातले टपोरे दाणेही तिनं भट्टीत ठेवून पाहिले होते. १९३० च्या सत्याग्रहाचं ते मिठागर, गावचं मीठ, मोजायला का नको, असं तिचं म्हणणं. पण मिठागरात वाढलेल्या दाण्यात खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकून राहतात. तापवलं की त्यांची वाफ होते आणि दाणा तडतडून फुटतो. भट्टीच्या नळीभर चुरा झाला. तो प्रयोग तिथेच थांबवला.

आता उपकरणाबद्दल, कारण गोम तिथेच होती. अशा तुकड्याचा रोध ७०० अंशांना काही हजार ओहम असतो. ३०० अंशांना तो कोट्यवधी ओहमवर जातो. १०० अंशांना शंभर अब्ज ओहमच्या घरात. दहा व्होल्ट दिले तर शेवटच्या टोकाला हाती येतो शंभर पिकोअँपिअरच्या आसपास प्रवाह. एवढ्या पल्ल्यात एकच पद्धत चालत नाही. वरच्या टोकाला एकदिश दाब दिला तर आयन ग्राफाइटपाशी येऊन थबकतात, कारण त्यांना पुढे जाता येत नाही, आणि प्रवाह बघता बघता उतरतो. म्हणून तिथे एक किलोहर्ट्झचा एलसीआर ब्रिज वापरायचा, म्हणजे सतत दिशा बदलणारा दाब देऊन रोध आणि धारिता मोजणारं उपकरण. खालच्या टोकाला ब्रिजचा उपयोग नाही. तुकड्याची धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) जेमतेम सव्वा पिकोफॅरड, तेव्हा त्या वारंवारतेला धारितेची वाटच रोधापेक्षा सोपी पडते. तिथे इलेक्ट्रोमीटर, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रवाह मोजणारा मीटर, घ्यायचा, दाब थोडाच वेळ द्यायचा आणि दर वेळी दिशा उलटी करून सरासरी काढायची. तिनं हे सगळं नीट केलं होतं. दिशा उलटी केली तरी आकडे तेच येत होते, तेव्हा आयन साचल्यामुळे दरी पडली ही शंका पहिल्याच दिवशी बाजूला गेली.

पुढचा धागा मिळाला तो लाईट गेल्यामुळे. आमच्याकडे पावसाळ्यात वारा सुटला की लाईट जाते. एका दुपारी भट्टी ३०० च्या वर असताना ती गेली. इलेक्ट्रोमीटर इन्व्हर्टरवर होता, भट्टी नव्हती. दुसरी एखादी प्रयोग बंद करून घरी गेली असती. ही बसून राहिली, आणि भट्टी आपोआप थंड होत असताना दर दहा अंशांना रीडिंग घेत राहिली. संध्याकाळी तिनं ते बिंदू जुन्या आलेखावर चढवले. उतरतीच्या वाटेवर दरी नव्हती. प्रवाह १३० च्याही खाली सरळ उतरत गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच तुकडा, तीच भट्टी, आणि चढतीच्या वाटेवर दरी पुन्हा हजर.

जे चढताना दिसतं, उतरताना दिसत नाही आणि रात्रभर ठेवलं की परत येतं, ते स्फटिकाच्या आतलं नसतं. बाहेरून येऊन बसणारं आणि उष्णतेनं निघून जाणारं असं आमच्या लॅबमध्ये एकच होतं. लॅबमधल्या काकांनी ते आमच्या आधी सांगून टाकलं : "पावसात मीठ पाझरताच मॅडम. बरणीतला काय नि भट्टीतला काय."

काकांचं खरं होतं, आणि विज्ञानही तेच सांगतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. मिठागरातल्या मिठात मॅग्नेशिअम क्लोराइड असतं आणि त्याची मर्यादा फक्त ३३ टक्के, म्हणून जाडं मीठ आधी ओलं होतं. आमच्या लॅबमधला आर्द्रतामापक आषाढात ९० च्या आसपास असतो. अशा हवेत स्फटिकाच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा थर बसणार, आणि शंभर अब्ज ओहमच्या स्फटिकाला वळसा घालून प्रवाह त्या थरातून पळणार. सिलिका जेलचे निळे दाणे सकाळी घातले की संध्याकाळपर्यंत गुलाबी होतात, अशा दिवसांत दुसरं काय व्हायचं?

इथेच थांबून "आर्द्रतेमुळे त्रुटी" असं एक वाक्य प्रबंधात घालता आलं असतं. बरेच जण घालतात. पण १३० हा आकडा मला सुखानं बसू देईना, आणि त्यासाठी आम्ही दोघींनी एक सोपा हिशेब मांडला. लॅबमधली हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के धरली तर हवेतल्या वाफेचा दाब पाऱ्याच्या सुमारे साडेपंचवीस मिलिमीटर येतो. तीच हवा भट्टीत ६० अंशांना गेली की तिथला संपृक्त बाष्पदाब (हवेत जास्तीत जास्त मावेल तेवढ्या वाफेचा दाब) १४९ मिलिमीटर, म्हणजे सापेक्ष आर्द्रता उरते १७ टक्के. ७५ च्या खाली यायला तर ३२ अंशसुद्धा पुरेत. मग स्फटिकाच्या अंगावरचं खारं पाणी भट्टी जरा कोमट होताच उडून जायला हवं होतं. गळती १३० पर्यंत टिकत होती, याचा अर्थ ओली जागा १३० अंशांवर नव्हतीच. भट्टीचा काटा १३० दाखवत असताना ती जागा स्वतः तिशीच्या आसपास होती.

मला हा हिशेब या प्रकरणाचा गाभा वाटतो. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतला तापमान मोजणारा तारांचा जोड, सांगतो ते स्फटिकाचं तापमान. गळतीच्या जागेचं तापमान तो सांगत नाही, आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर मात्र आपण एकच तापमान लिहितो.

ओली जागा शोधायला मग वेळ लागला नाही. धारकातल्या दोन्ही तारा सिरॅमिकच्या दोन भोकांच्या नळीतून भट्टीबाहेर येत होत्या आणि एका टर्मिनल पट्टीवर पितळी स्क्रूंना जोडलेल्या होत्या. दोन स्क्रूंमध्ये बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतर. भट्टी बंद असताना तिनं पट्टीवर तोंडानं हलकी फुंकर घातली. इलेक्ट्रोमीटरचा आकडा झपकन वर गेला. मग हॉस्टेलवरून आणलेला केस वाळवायचा ड्रायर पट्टीवर धरला, आणि आकडा पायऱ्या उतरावा तसा उतरत उतरत पूर्वीच्या कितीतरी खाली जाऊन थांबला. स्फटिक इकडे भट्टीत थंडच होता, त्याला कुणी हातही लावला नव्हता. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता, आणि माझ्याही.

पट्टी आणि नळीचं बाहेरचं टोक बारकाईनं पाहिलं तर त्यावर अगदी पातळ पांढुरकी साय दिसत होती. हा धारक विद्यार्थ्यांच्या आधीच्या कित्येक तुकड्यांनी वापरलेला. मीठ ६०० अंशांच्या वर घन अवस्थेतूनच थोडं थोडं उडायला लागतं आणि थंड जागा मिळेल तिथे जाऊन बसतं. भट्टीची थंड जागा म्हणजे नळीचं बाहेरचं टोक. प्रत्येक वरच्या तापमानाच्या मोजणीनंतर तिथे मिठाचा नवा थर चढत होता आणि पुढच्या पावसाळी सकाळी तो पाणी पीत होता. खात्री करायला नळीचं टोक थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात धुतलं आणि त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. दुधासारखा पांढरा साका आला. समुद्राकाठच्या हवेतच क्लोराइड असतं, तेव्हा तुलनेसाठी कपाटात तितकीच वर्षं पडून असलेली एक न वापरलेली नळी तशीच धुतली. त्या पाण्यावर नुसती पुसट झाक आली. म्हणजे समुद्राचा वाटा होता, पण लहान. मोठा वाटा आमच्याच भट्टीतून आलेल्या मिठाचा.

दुरुस्ती खर्चिक नव्हती. नळी आणि धारक ऊर्ध्वपातित पाण्यानं, मग अल्कोहोलनं धुवून भट्टीत वाळवले. जुनी पट्टी काढून टेफ्लॉनवर टर्मिनल बसवले, एकमेकांपासून चांगले लांब. दोन टर्मिनलच्या मध्ये पितळेची एक पट्टी घालून ती अर्थ केली, म्हणजे पृष्ठभागावरून सरपटत येणारा प्रवाह इलेक्ट्रोमीटरपर्यंत न पोचता तिथूनच जमिनीत जाईल. स्फटिकाच्या एका तोंडावरही ग्राफाइटच्या मधल्या ठिपक्याभोवती बारीक फट ठेवून दुसरं कडं रंगवलं, त्याच कामासाठी. टर्मिनलवर झाकण घातलं आणि आत सिलिका जेलमधून गाळलेली हवा हळूहळू सोडत ठेवली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोजणीचा क्रम बदलला. आधी धुतलेल्या धारकानं खालच्या तापमानाची मोजणी, आणि ६०० च्या वरची मोजणी सगळ्यात शेवटी. दर वेळी स्फटिक न बसवता रिकाम्या धारकाची मोजणीही तितक्याच काळजीनं करायची. काच आणि हलकं पोर्सिलेनसुद्धा तापल्यावर वाहक होतात, त्यांच्यातही सोडियमचे आयन हलतात. रिकामा धारक स्वतः किती वाहतो हे माहीत नसेल तर स्फटिकाबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार नाही, असं मी सगळ्याच विद्यार्थ्यांना सांगत असते.

नव्या आलेखात दरी उरली नाही, आणि चढती-उतरती एकमेकींवर बसल्या. पण मला जास्त बोलका वाटला तो १५० ते २५० अंशांचा पट्टा. जुन्या आलेखात हा भाग अगदी सरळ दिसत होता आणि त्याचा उतार ०.५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येत होता. रेषा सरळ, बिंदू रेषेवर, कुणालाही शंका येऊ नये असं. तो उतार खोटा होता. गळतीनं खालचे बिंदू उचलून धरले होते, त्यामुळे रेषा नुसती आडवी झुकली होती, वाकडी झाली नव्हती. दरी दिसली नसती तर ०.५ हाच आकडा "उडीची ऊर्जा" म्हणून छापला गेला असता. धुतलेल्या धारकानं तोच पट्टा ०.७५ च्या आसपास आला. याचा अर्थ २५० ते ४०० अंशांमध्ये वाहकता आणि तापमान यांचा गुणाकार सुमारे चाळीस पट वाढतो. वरच्या भागात १.८५ च्या जवळचा उतार आला, तिथे ६०० ते ७०० या शंभर अंशांतच बारा-तेरा पट वाढ होते. दोन्ही रेषा ५५० अंशांच्या सुमाराला भेटल्या. त्या तापमानाला शुद्ध मिठात उष्णतेनं तयार होणाऱ्या रिकाम्या जागा दहा लाखांमागे चार-पाच असतात, तेव्हा त्या टाकाऊ चकतीत दुप्पट भाराच्या धातूंची अशुद्धी साधारण तेवढीच असणार. रसायनशास्त्र विभागानं फेकायला काढलेली वस्तू किती शुद्ध होती ते त्यावरून कळावं.

शेवटी आमच्या दोघींत थोडा वाद झाला. १३० अंशांच्या खाली नव्या मोजणीतही स्फटिकाचा प्रवाह आणि रिकाम्या धारकाचा प्रवाह फार जवळ येत होते. तिचं म्हणणं, वजाबाकी करून ते बिंदूही घालूया, रेषा छान लांबेल. दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी केली की उरतं त्यात मोजणीतली चूकच जास्त असते, असं माझं म्हणणं. शिवाय त्या तापमानाला अशुद्धीचा आयन आणि रिकामी जागा एकमेकांना चिकटून जोडी करतात, अशा जोडीतली जागा वहनात भाग घेत नाही, आणि त्यामुळे उतार खरोखरच थोडा वाढायला हवा. तिथे रेषा लांबवणं म्हणजे जे मोजायचं तेच गृहीत धरणं. तिला आधी पटलं नाही. दोन दिवस ती वजाबाकीचे आकडे घेऊन बसली, प्रत्येकावर त्रुटीची दांडी काढली, आणि दांड्या आलेखाच्या अर्ध्या उंचीएवढ्या लांब निघाल्यावर तिनं स्वतःच ते बिंदू काढून टाकले.

प्रबंधात तिनं १३० च्या खालचा भाग मोकळा ठेवला, त्याच कागदावर रिकाम्या धारकाची रेषा तुटक काढली, आणि जुना दरीचा आलेख फुंकर-ड्रायरच्या रीडिंगसह परिशिष्टात जोडला. धारक धुण्याची पद्धत आणि मोजणीचा क्रम तिनं एका पानावर लिहून भट्टीशेजारच्या भिंतीवर लावला आहे. पुढच्या तुकडीचा विद्यार्थी आता त्याच भट्टीवर पोटॅशिअम क्लोराइड घेतो आहे. त्याची आर्द्रतेची मर्यादा ८४ टक्के, त्यामुळे श्रावण सरून हवा जरा कोरडी झाली की त्याचं काम आमच्यापेक्षा सोपं जाईल असा माझा अंदाज आहे.